डोकं ताजं राहावं म्हणून तुम्ही रोज काय करता? नागपूरकरांनो, अनुभव लिहा

फुटाळ्याचा फिरस्ता
फुटाळा तलावाच्या काठावर सकाळी फिरणाऱ्या आमच्या कंपूत हल्ली एकच विषय असतो: नाव ओठांवर आहे, पण आठवत नाही. कुणी बदाम सांगतं, कुणी ब्राह्मीचं तेल, कुणी मेहुण्याने कुठूनतरी मागवलेल्या गोळ्या. ते सगळं बाजूला ठेवू. इथे फक्त रोजच्या सवयींचं लिहा. कशाने फरक पडला, कशाने नाही. उपदेश नको.

माझ्यापुरतं सांगतो. चालण्यामुळे नावं धडाधड आठवायला लागली असं काही झालं नाही. पण जेवल्यानंतर डोक्यावर ओलं गोणपाट टाकल्यासारखा जडपणा यायचा, तो गेला. २०११ साली अमेरिकेत ज्येष्ठांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्यातून तीन दिवस चाळीस मिनिटं चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी घडवणारा मेंदूतला भाग, वर्षभरात सुमारे २ टक्क्यांनी वाढला होता. नुसते ताण देण्याचे व्यायाम करणाऱ्यांचा मात्र थोडा आक्रसला. तेव्हापासून मी पाऊस असला तरी जातो.

इतवारीवाला
आमचं किराण्याचं ठोक दुकान. बाबूजी उभ्या उभ्या लांबलचक पट्टीची बेरीज तोंडी करत. मी मोबाइल काढेपर्यंत गिऱ्हाईक पैसे मोजून मोकळं! आता मी एक करतो. रात्री खातेवही उघडायच्या आधी पाच मिनिटं डोळे मिटून बसतो. आज कोण आलं, काय नेलं, किती उधार राहिलं. मग वही पाहतो. पहिले निम्मंच आठवे, आता बहुतेक आठवते. पोरगा म्हणते, बाबा, हे काहून करून राहिले, कॉम्प्युटरमध्ये आहे ना सगळं! अरे बाप्पा, कॉम्प्युटरले गिऱ्हाइकाच्या पोरीचं लग्न कधी आहे ते थोडंच माहीत असते.

एमपीएससीवाली
काका, तुम्ही जे करताय त्यावर संशोधन झालेलं आहे. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे.

मी पॉलिटीचं, म्हणजे राज्यव्यवस्थेचं, प्रकरण वाचलं की पुस्तक पालथं घालते आणि कोऱ्या पानावर आठवेल ते लिहिते. फार रडकं पान निघतं. मग राहिलेलं लाल पेनने भरते. तेच प्रकरण दुसऱ्या दिवशी, मग चारेक दिवसांनी, मग पंधरवड्याने. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये निरर्थक अक्षरं स्वतः पाठ करून दाखवलं होतं की विसरण्याचा वेग सुरुवातीलाच सगळ्यात जास्त असतो. म्हणून पहिली उजळणी लवकर हवी.

दुसरी गोष्ट म्हणजे अभ्यासिकेखालच्या टपरीवरचा रात्रीचा चहा सोडला. शरीरातलं निम्मं कॅफिन जायलाच साधारण पाच तास लागतात. मैत्रिणी हसतात, पण सकाळी त्यांच्या आधी मी जागी असते.

रात्रपाळीची सिस्टर
मी थोडं वेगळं बोलते. सगळं लक्षात ठेवायचा हट्टच कशाला? वॉर्डात डॉक्टरांनी फोनवर औषध सांगितलं की आम्ही आधी लिहितो, मग लिहिलेलं त्यांना वाचून दाखवतो, ते हो म्हणाले की पुढे. तिथे 'माझी स्मरणशक्ती चांगली आहे' याला शून्य किंमत. घरी पण तेच. किल्ल्या दाराजवळच्या खिळ्यावर, औषधांचा वारांचा डबा जेवणाच्या टेबलावर. डोकं वाचतं ते दुसऱ्या कामाला.

बाकी माझा सगळा भर झोपेवर. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि मला झोपायचं असतं दुपारी! झोप लागायला शरीराचं तापमान थोडं उतरावं लागतं. त्यासाठी कूलर ठीक आहे, पण लोक खोली गच्च बंद करून कूलर लावतात आणि चिकचिक होते म्हणून ओरडतात. कूलर बाहेरची कोरडी हवा ओली करून आत सोडतो. तिला दुसरीकडून निघायला खिडकी थोडी उघडी पाहिजे. मी खिडकीला जाड काळा पडदा लावलाय, खालून चार बोटं फट. पावसाळ्यात हवाच दमट, तेव्हा कूलर नुसता पंखा समजायचा.

झोप नीट झाली की दिवसभरात शिकलेलं पक्कं होतं, हे खरं. पण त्याआधी एक असतं: ज्याकडे लक्षच नव्हतं ते आठवणार कुठून? झोप न झालेल्या दिवशी मी विसरत नाही, मी ऐकलेलंच नसतं.

त्रिमूर्तीनगर
ताईंच्या शेवटच्या वाक्यावरून लिहितो. आई सारखं विसरायला लागली. गॅसवर दूध, निरोप, नातवाच्या शाळेची वेळ. आम्ही धरून चाललो, वय झालं. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. बी-१२ खूपच कमी. घरात कांदा-लसूणही जपून, अंडी-मांस तर नाहीच. हे जीवनसत्त्व प्राण्यांपासून मिळणाऱ्या अन्नातच असतं. शाकाहाऱ्याला दूध-दह्यातून मिळेल तेवढंच. त्यात वयानुसार पोटात ते शोषलं जाणंही कमी होतं. थायरॉइडही तपासलं, ते ठीक निघालं. इंजेक्शनं सुरू झाल्यावर काही महिन्यांत ती पुष्कळ सावरली.

उरलेलं अर्धं कोडं कानात होतं. तिला निरोप नीट ऐकूच येत नव्हते आणि विचारायचा संकोच. आता मशीन लावते. कुरकुरत लावते, पण लावते. कुणाच्या घरचं माणूस ओळखीच्या रस्त्यावर चुकत असेल, तर हा धागा वाचत बसू नका, आधी दाखवून या.

शब्दकोडेवाला
रोज पेपरातलं कोडं सोडवतो. कोडं सोडवणं सुधारलं. चष्मा अजून शोधावाच लागतो.

महालच्या आजी
मी शाळेतून निवृत्त झाले तेव्हा गीतेचा पंधरावा अध्याय पाठ करायला घेतला. वीस श्लोक. लहानपणी आपोआप व्हायचं, आता सहाव्यानंतर सातवा येईना. मग रस्त्यावर मांडला. आमच्या दारात पहिला श्लोक, बडकस चौकात पाचवा, गांधी गेटपाशी अकरावा, आणि शेवटचा गांधीसागरच्या काठावर. मनातल्या मनात चालत गेलं की जागा दिसते आणि श्लोक येतो. ही युक्ती ग्रीक-रोमन वक्तेही भाषणासाठी वापरत, हे नातीने नंतर सांगितलं. मला ती दळण आणायला जाता-जाता सुचली.

इतवारीच्या भाऊ, तुम्ही दुकानाच्या फळ्यांवर गिऱ्हाइकं मांडून पाहा.

इतवारीवाला
आजी, मांडतो. पण उधारीवाले सगळे एकाच फळीवर बसतील, ते मोडेल ना!

महालच्या आजी
आता बाराव्या अध्यायाला नवा रस्ता लागेल. त्याच जागांवर मांडला तर दोन्हींची सरमिसळ होते, करून पाहिलं. धरमपेठेत माहेर होतं, पण तिकडचं आता सगळंच बदललंय. कुणी तिथल्या ट्रॅफिक पार्कपासून वीस ठळक खुणांचा रस्ता सांगता का? दुकानं नकोत, ती बदलतात.