मदत हवी आहे: एकाच होस्टनेमचे क्लोन व्हीएम आणि एनएफएस ४.१ ची लॉक्स

मंडळी, एकाच टेम्प्लेटवरून काढलेले बरेच लिनक्स व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) आहेत, सगळ्यांचं होस्टनेम सारखंच, आणि सगळे एकाच सर्व्हरवरचं फोल्डर एनएफएस ४.१ ने (नेटवर्कवरून फाइल शेअर करायचा प्रोटोकॉल) माउंट करतात. एका मशीनने माउंट केलं की दुसऱ्याची ओपन फाइल नि लॉक्स गायब, डेटाबेसची लॉक फाइल तर दर वेळी अडकतेच.

वाचलं त्यावरून असं कळलं की सर्व्हर क्लायंटला (माउंट करणाऱ्या मशीनला) आयपी बघून ओळखत नाही, क्लायंट एक्सचेंज आयडीमध्ये (सुरुवातीच्या ओळख देणाऱ्या विनंतीत) स्वतःची एक स्ट्रिंग पाठवतो आणि सोबत व्हेरिफायर नावाची एक खूण, जी रीबूटनंतर बदलते. लिनक्समध्ये ती स्ट्रिंग मुळात होस्टनेमवरूनच बनते, म्हणजे स्ट्रिंग तीच पण व्हेरिफायर वेगळा दिसला की सर्व्हरला वाटतं तोच क्लायंट रीबूट होऊन आलाय आणि तो जुनी स्टेट (ओपन फाइल नि लॉक्सची नोंद) सरळ काढून टाकतो. एनएफएस व्हर्जन ३ मध्ये ही एक्सचेंज आयडीची भानगडच नव्हती.

होस्टनेम बदलणं इथे शक्य नाही, दुसरं सॉफ्टवेअर त्यावर चालतं. मग एनएफएस मॉड्यूलचं 'एनएफएस४ युनिक आयडी' पॅरामीटर प्रत्येक व्हीएमला वेगळं द्यायचं का? त्यात मशीन आयडी (प्रत्येक लिनक्स इन्स्टॉलेशनचा स्वतःचा आयडी) टाकली तर चालेल ना, फक्त ती क्लोन करताना नव्याने बनवून? रीबूटनंतर तीच राहायला हवी, नाहीतर जुनी लॉक्स लीज (सर्व्हरने दिलेली मुदत) संपेपर्यंत अडकून पडणार.

आणि कंटेनरचं काय करता? प्रत्येक नेटवर्क नेमस्पेसला (कंटेनरचं वेगळं नेटवर्क) सिसएफएसमध्ये (कर्नलच्या सेटिंग्ज फाइल्ससारख्या दाखवणारी जागा) आयडेंटिफायर फाइल असते, पण ती माउंटच्या आधी भरायला यूडेव्ह रूल (कर्नलच्या घटनांवर आपोआप चालणारा नियम) बरा की सिस्टिमडी युनिट (बूट होताना सेवा सुरू करणारी फाइल)? कोणी प्रॉडक्शनमध्ये केलं असेल तर प्लीज सांगा.