मुलीची शाळा फर्स्ट नेशन बोर्डाकडे द्यायची का, यावर मत द्यायचंय. मदत हवी आहे

पोहेवाला:

नमस्कार मंडळी. आम्ही मूळचे नाशिकचे, सहा वर्षांपासून व्हाइटहॉर्सला (युकॉन, कॅनडा) आहोत. मुलगी घराजवळच्या सरकारी शाळेत तिसरीला आहे. या शाळेच्या हद्दीत आता मतदान व्हायचंय. शाळा युकॉनच्या शिक्षण खात्याकडेच ठेवायची, की फर्स्ट नेशन स्कूल बोर्डाकडे सोपवायची? मला गेल्या वर्षी नागरिकत्व मिळालं. म्हणजे कॅनडातलं माझं पहिलंवहिलं मत हेच, आणि तेच कुठे टाकावं ते कळेना.

थोडी पार्श्वभूमी. युकॉनमध्ये १४ फर्स्ट नेशन्स आहेत, म्हणजे इथले मूळ रहिवासी. १९७३ साली त्यांचे पुढारी एलायजा स्मिथ ओटावाला जाऊन पंतप्रधान पियर ट्रूडोंना मागण्यांचा दस्तऐवज देऊन आले. त्यात जमिनीसोबत मुलांच्या शिक्षणाचीही गोष्ट होती. प्रत्यक्ष बोर्ड स्थापन व्हायला २०२२ साल उजाडलं. त्या जानेवारीत गावोगाव मतदान झालं आणि ८ शाळा बोर्डाकडे गेल्या. ओल्ड क्रोसारखं विमानानेच पोचता येणारं गाव त्यात आहे, तशा इथल्या व्हाइटहॉर्समधल्या दोन प्राथमिक शाळाही आहेत. पुढच्या वर्षी आणखी ३ गेल्या. त्यातली एक कारक्रॉसची. तिथे १९६९ पर्यंत चर्चची निवासी शाळा होती. आईबापांपासून तोडून मुलं तिथे ठेवायचे, त्यांची भाषा मोडून काढायचे. त्याच गावाने आपली आजची शाळा मत देऊन स्वतःच्या माणसांकडे घेतली. हे वाचलं त्या रात्री झोप लागली नाही, खरं सांगतो.

तरी अडचण आहेच. बायकोचं म्हणणं, भावकीच्या वाटणीत शेजाऱ्याने बोलू नये. आपण काल आलो, आपण मतच देऊ नये. मला वाटतं, मुलगी त्याच वर्गात बसते, मग शेजारी कसले? शिवाय दोन-तीन वर्षांत आम्ही बहुधा व्हँकुव्हरकडे जाऊ. तेव्हा तिचं काही अडेल का?

कुणाला अनुभव असेल तर सांगा. इथल्या भारतीय व्हॉट्सॅप ग्रुपवर विचारलं, तर तिघांनी हात जोडल्याचे इमोजी टाकले आणि एकाने प्लॉटची जाहिरात.

रोखठोक:

सरळ विचार करा. पोरीचं गणित-इंग्रजी पक्कं होणार का, एवढंच बघा. बाकी त्यांचं राजकारण त्यांना लखलाभ.

मेधा_युकॉन:

पोहेवाला, मी व्हाइटहॉर्सच्या बाहेर एका लहान गावात राहते. आमची शाळा २०२२ च्या पहिल्या खेपेतली. मुलगा तेव्हा दुसरीत होता.

आधी व्हँकुव्हरचं. निश्चिंत राहा. युकॉनच्या शाळा ब्रिटिश कोलंबियाचाच अभ्यासक्रम वापरतात, बारावीचं प्रमाणपत्रही तिथलंच. बोर्डाकडे गेल्यावरही तेच राहतं. पैसा युकॉन सरकारच देतं. शाळा सरकारीच आणि सगळ्यांसाठी खुली. आमच्या वर्गात दोन फिलिपिनो मुलं आहेत, एक पंजाबी आहे.

बदलतं ते हे, की निर्णय कोण घेतं. कुणाला नेमायचं, पैसा कशावर खर्चायचा, वर्षाचा आराखडा काय, हे निवडून आलेले विश्वस्त ठरवतात. जुन्या शाळा परिषदेच्या जागी गावाची समिती येते. (आपल्याकडची शाळा व्यवस्थापन समिती आठवा. फक्त इथे सभेत चहाशिवाय दुसरंही काही होतं.)

रोखठोक, तुमच्या प्रश्नाचंही उत्तर देते. बोर्डाने पहिला जोर लावला तो वाचनावरच. चित्र बघून शब्द ओळखायची पद्धत सोडली आणि अक्षर-ध्वनी क्रमाने शिकवायला घेतले. आपण बाराखडी घोकायचो तसंच थोडंफार. २०१९ मध्ये कॅनडाच्या महालेखापरीक्षकांनीच सांगितलं होतं, की फर्स्ट नेशन मुलं आणि बाकीची मुलं यांच्या निकालातली दरी बुजवायला शिक्षण खातं कमी पडलं. तेव्हा गणित-इंग्रजीची काळजी त्यांना तुमच्यापेक्षा जास्तच आहे.

बाकी वसंतात रानात कॅम्प असतो. आजीआजोबा येऊन मूसचं (इथलं मोठं हरीण) कातडं कमवायला शिकवतात. मुलाच्या जॅकेटचा वास दोन आठवडे जात नाही. सगळंच गोड आहे असं नाही. मधल्या काळात मदतनीस शिक्षिका मिळायला फार उशीर झाला, आणि विचारायचं कुणाला तेच दोन महिने कळेना. तुम्ही सभेत हे आधीच विचारून घ्या.

किवीकर:

मी न्यूझीलंडला, हॅमिल्टनमध्ये आहे. इथल्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे माओरींच्या, कुरा कौपापा माओरी शाळांशी गल्लत करू नका. पहिली १९८५ ला ऑकलंडमध्ये पालकांनी स्वतःच काढली, १९८९ ला कायद्यात आली. तिथे सगळं शिक्षण माओरी भाषेत. तुमच्याकडे माध्यम इंग्रजीच राहणार, फक्त कारभार बदलणार. माझ्या शेजारणीला विचारलं, माझ्या मुलाला कुरात घातलं तर चालेल का? ती म्हणाली, घाल की, पण घरी तूही माओरी शिकणार का? मी गप्प. घरात मराठीच टिकवताना नाकीनऊ आलेत.

धानोऱ्याचा_मास्तर:

गडचिरोलीतून लिहितोय. युकॉन नकाशात शोधावं लागलं, पण प्रश्न ओळखीचा वाटला.

आमच्या धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. गोटुल म्हणतात तिला. २०२२ मध्ये शिक्षण खात्याची नोटीस आली, मान्यता नाही म्हणून शाळा बेकायदा. शिक्षणहक्क कायद्यात अशा शाळेला १ लाखापर्यंत दंड आहे, चालूच ठेवली तर दिवसाला १० हजारांपर्यंत. ग्रामसभा उच्च न्यायालयात गेली. १९९६ च्या पेसा कायद्यात, म्हणजे आदिवासी भागातल्या स्वशासनाच्या कायद्यात, ग्रामसभेला सामाजिक क्षेत्रातल्या संस्थांवर नियंत्रणाचा अधिकार लिहिलाय. संविधानाच्या ३५० क मध्ये मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करायला सांगितलंय. दोन्ही कागदावर. गोंडी आठव्या अनुसूचीत, म्हणजे संविधानातल्या भाषांच्या यादीतही नाही.

तुमच्याकडे सरकार स्वतः पेटी ठेवतंय, विचारतंय. आमच्याकडे असं विचारायला कोणी आलं नाही. मी स्वतः मराठी माध्यमातून गोंड पोरांना शिकवतो. पहिलीतलं पोर तीन-तीन महिने तोंड उघडत नाही, आणि आम्ही शेरा मारतो ‘अप्रगत’. वहिनींना सांगा, शेजाऱ्याने वाटणीत बोलू नये हे खरं. पण इथे वाटणी मागणाऱ्यांनीच तुम्हाला बोलावलंय.

रोखठोक:

मास्तर, हे माहीत नव्हतं. मोहगावचं वाचतो.

पोहेवाला:

सगळ्यांचे आभार. मास्तरांचं लिहिलेलं हिला वाचून दाखवलं. शेवटच्या वाक्यावर थांबली, म्हणाली, बोलावलंय ते मान्य, पण म्हणजे ‘हो’च म्हणायचं असं कुठे आहे? आता ती मत देणार आहे, काय देणार ते सांगत नाही. मतदान गुप्त असतं म्हणते.

मुलीला विचारलं, शाळेत काय बदलायला हवं? तर म्हणाली, सदर्न टुचोनीचा (इथल्या फर्स्ट नेशन्सची भाषा) तास आठवड्यात जास्त वेळा हवा, कारण त्या बाई ओरडत नाहीत.

गुरुवारी माहितीसभा आहे. मेधाताई, मदतनीस शिक्षिकेचं नक्की विचारतो. अजून एक, तुमच्या गावाच्या समितीत बाहेरून आलेले पालक बसतात का, की नुसते सभेला येतात? आणि सभेला प्रत्येकाने काहीतरी खायला आणायचंय. मूसच्या स्ट्यूशेजारी साबुदाणा खिचडी ठेवली तर खपेल का?

मेधा_युकॉन:

बसतात. मीच आहे. खिचडी खपेल, पण दाण्याचं कूट शाळेत चालत नाही, अ‍ॅलर्जीमुळे. शंकरपाळ्या न्या.