मंगळागौरीच्या खेळांसाठी नऊवारी: शिवलेली की नेसायची? (माणशी ८००)

सायली_पार्ले: मुलगी चर्चगेटच्या महिला महाविद्यालयात एफवायला आहे. श्रावणात आठ जणींचे खेळ आहेत. दोघी गुजराती, एक तमिळ. नऊवारी कुणीच नेसलेली नाही. माणशी ८०० च्या वर जायचं नाही. काय घ्यावं?

दादरची_माई: शिवलेलीच, पण पूर्ण नऊ वारांतली. सहावारीतून बेतलेली स्वस्त मिळते, पण मांडीत कापड अपुरं पडतं आणि बसफुगडीला आसनाची शिवण उसवते. आसनात चौकोनी तुकडा आणि दुहेरी शिवण सांगा. कंबरेला नुसतं इलॅस्टिक नको, नाडी हवीच.

काठपदर: ८०० विसरा हो. सुती इरकल घ्या, जन्मभर पुरेल. अस्सल इरकलीत पदर वेगळ्या ताण्याचा (उभ्या धाग्यांचा) असतो, अंगाच्या ताण्यात फास गुंतवून जोडलेला. तो जोड उलट्या बाजूने बघा.

माहीमकर: शिवलेलीत चालच बदलते. नेसायलाच शिकवा. नऊ वार म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर. आत सायकलिंग शॉर्ट. कंबरेला गाठ अगदी घट्ट मारा, ती सैल राहिली तर पिंग्यात सगळं खाली येतं. मग निऱ्या खोचा, निऱ्यांचा खालचा मधला काठ पायांमधून मागे नेऊन कासोटा. जॉर्जेट नको, घसरतं. खळ दिलेली सुती धरून राहते.

शीव_वाचक: खेळांत भोंडल्याची गाणी घुसडू नका. भोंडला आश्विनात, हस्त नक्षत्रात, पाटावर हत्ती काढून. मुंबईत अण्णा कर्व्यांनी १९१६ ला महिला विद्यापीठ काढलं ते मातृभाषेतून शिकवायला. मग गाणी तरी नीट म्हणा.

काठपदर: काढलं पुण्यात. १९२० ला उद्योगपती ठाकरसींनी त्याला १५ लाख दिले, मुख्यालय मुंबईत आलं १९३६ ला.

माहीमकर: साडीवर या. फुगडीला काचेच्या बांगड्या काढा, अनवाणी खेळा. मोजे घातले की फरशीवर पाय सरकतात. हात उलटसुलट धरून पायाचे चवडे जुळवायचे, अंग मागे टाकायचं. एकीनेच भार टाकला तर दोघी पडतात.

दादरची_माई: म्हणूनच म्हणते, शिवलेली. नाडी विसरू नका.

अंधेरी_पूर्व: तमिळ मुलीच्या घरी मडिसार (तमिळ ब्राह्मणांची नऊवारी) नेसत असतील तर नऊवारी घरातच सापडेल. आजीला विचारायला सांगा.

सायली_पार्ले: तिच्या आजीकडे दोन निघाल्या! बाकी सहा जणी घरच्या सुती सहावारीलाच कासोटा घालणार. काल नेसवून पाहिली: निऱ्या चारच, काठ पोटरीपर्यंत, पदर आखूड करून कमरेला खोचला, की बसता येतं. माई, शिवायला टाकत नाही. पैसे ब्लाऊज आणि नथींना.

दादरची_माई: चार निऱ्यांत बसफुगडी? आधी दहा मिनिटं सलग खेळवून बघा.