ग्राफीन गोळी अडवेल, पण धक्क्याचं काय?

ग्राफीन म्हणजे कार्बनचा एका अणूइतक्या जाडीचा थर. त्याचा पातळ अंगरखा घातला की कथेतल्या सैनिकाला गोळीची भीतीच नको, हा मुद्दा मला अर्धाच पटतो. २०१४ साली अमेरिकेत ग्राफीनच्या अनेक थरांवर सिलिकाचे (काचेसारख्या पदार्थाचे) सूक्ष्म गोळे सेकंदाला सुमारे ६०० मीटर वेगाने मारून पाहिले. वजनाच्या मानाने पोलादाच्या जवळपास दसपट ऊर्जा त्या थरांनी शोषली! आघाताचा ताण त्यांच्यात इतक्या झपाट्याने बाजूला पसरतो की सगळा मारा एका बिंदूवर साचत नाही. पण ते पापुद्रे फार तर शंभरेक नॅनोमीटर जाडीचे होते आणि गोळे मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, मोजायचे. खऱ्या गोळीचा संवेग (वस्तुमान गुणिले वेग, म्हणजेच तिचा धक्का) कुठे जाणार? अंगरखा फाटला नाही तरी आत दबून बरगड्या मोडू शकतात. कथेतल्या सैनिकाला मी तरी पुढे कडक सिरॅमिकच्या प्लेटा आणि त्यामागे ग्राफीनचे थर देईन.