माया डेरेनची पावलं वडोदऱ्यात टिपायची तर

माया डेरेन या अमेरिकी प्रयोगशील दिग्दर्शिकेसारखं चित्रणात एकाच पावलात जागा बदलायचा प्रयत्न केला, पण तुकडे जोडल्यावर झटका बसतो, असं तुम्ही लिहिलंय. तिच्या १९४३ च्या चित्रपटात बाई वाळूवर, गवतावर, फरशीवर आणि शेवटी गालिच्यावर पाऊल टाकते, तरी चाल एकसंध वाटते. १९४५ च्या चित्रपटात तर नर्तक जंगलात पाय उचलतो आणि खोलीत टेकवतो.

झटका बहुतेक दृश्य कापण्याच्या जागेमुळे बसतो. पाऊल टेकल्यावर कापू नका, पाय हवेत असतानाच कापा. दोन्ही तुकड्यांत पाय चौकटीत त्याच जागी, त्याच आकाराचा आणि त्याच दिशेनं जाणारा हवा. कॅमेऱ्याची उंची टेपनं मोजून लिहून ठेवा, चार बोटांचा फरकही पडद्यावर डोळ्यांत खुपतो. मोबाइल असेल तर पडद्यावर बोट दाबून धरा आणि फोकस-उजेड कुलूपबंद करा, नाहीतर कमाटीबागेतल्या हिरवळीवर उजेड मधेच बदलेल. वाळूसाठी विश्वामित्री नदीच्या काठी उतरू नका, तिथे मगरी आहेत. बांधकामाच्या वाळूची दोन घमेली पुरतात. गालिच्याऐवजी घरची सतरंजी चालेल.

आणि प्रत्येक ठिकाणी एक नाही, चार-पाच पावलं चाला. एकच पाऊल टाकणाऱ्याचा तोल सावध असतो, त्यात चालण्याचा वेग येत नाही. डेरेनकडे चावी भरून चालणारा, १६ मिमी फिल्मचा कॅमेरा होता. अशा कॅमेऱ्यात एका चावीत अर्धा मिनिटही चित्रण होत नाही, म्हणून हालचाल आधीच पक्की बसवावी लागते. तुम्हीही तालीम आधी करा.