साथ आली की रुपया पडतोच का?

धंतोलीकर

आमच्या कॉलनीत सध्या एकच सल्ला फिरून राहिला आहे. पोरगं बाहेर शिकायला जाणार असेल तर डॉलर आताच घेऊन ठेवा, उद्या पुन्हा एखादी साथ आली तर रुपया झोपेल. दाखला अर्थात २०२० च्या कोरोनाचा. जानेवारीत ७१ च्या आसपास असलेला डॉलर एप्रिलमध्ये ७७ ला टेकला हे खरंच आहे. पण तो रोगामुळे टेकला, हे काही पटत नाही.

तारखा पाहा. जागतिक आरोग्य संघटनेने ३० जानेवारीला आणीबाणी जाहीर केली, तरी फेब्रुवारीभर रुपया ७१-७२ लाच होता. पडला मार्चमध्ये, जेव्हा नागपुरात रुग्ण अगदी मोजके होते. उलट एप्रिल २०२१ मध्ये इथे खाट मिळत नव्हती, ऑक्सिजनसाठी लोक रात्रभर फोन लावत होते, तेव्हा डॉलर ७५ वर जाऊन मेअखेर ७२-७३ ला परत आला.

मार्च २०२० मध्ये परदेशी गुंतवणूकदारांनी आपल्या शेअर आणि रोखे बाजारातून एका महिन्यात लाख कोटींच्या वर रक्कम काढली. रुपये विकले, डॉलर घेतले. सगळीकडे हेच चाललं होतं. ब्राझीलचा रिआल, मेक्सिकोचा पेसो, दक्षिण आफ्रिकेचा रँड आपल्यापेक्षा वाईट आपटले. संकटात ज्याच्याकडे लोक धावतात तो जपानी येनसुद्धा दोन-तीन आठवड्यांत एका डॉलरला १०२ वरून १११ वर घसरला. सोनंही त्या दिवसांत डॉलरमध्ये उतरलं होतं, हे कुणाला आठवत नाही! कारण जगभरची कर्जं डॉलरमध्ये. धंदा बंद पडला तरी हप्ता डॉलरमध्येच भरायचा. मग अमेरिकेच्या फेडने, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेने, इतर देशांच्या मध्यवर्ती बँकांना डॉलर उधार द्यायची सोय वाढवली, रोखे विकत घ्यायला सुरुवात केली, आणि मार्चमध्ये १०३ ला भिडलेला डॉलर निर्देशांक (इतर मोठ्या चलनांपुढे डॉलर किती भारी ते सांगणारा आकडा) वर्षअखेर ९० च्या घरात आला. रोग तर तेव्हा जोरातच होता.

म्हणून माझं म्हणणं: रुपया पाहायचा तर रुग्णांचे आकडे पाहू नका, डॉलरची टंचाई पाहा.

सराफा लाइन, इतवारी

भाऊ, हे म्हणजे माणूस तापाने नाही मेला, हृदय थांबलं म्हणून मेला, असं सांगण्यासारखं झालं. गुंतवणूकदार पळाले काहून? रोगाला भिऊनच ना? मग रुपया रोगानेच पडला.

आणि सोनं मार्चमध्ये उतरलं ते किती दिवस? ऑगस्टमध्ये दहा ग्रॅमला ५६ हजारांच्या वर होतं. वर जगातला भाव चढलेला, खाली रुपया जानेवारीपेक्षा नरम, त्यावर साडेबारा टक्के आयात शुल्क. दुकानात आलेल्या माणसाला तुमचा डॉलर निर्देशांक सांगून काय उपयोग? त्याच्या लेकीचं लग्न होतं.

निनादची आई

दोघांनाही एक विचारते. फी भरायला कधी बँकेत उभे राहिलात का? टीव्हीवर दिसतो तो भाव बँकांच्या आपसातला. आपल्याला लागतो टीटी सेलिंगचा, म्हणजे बाहेर पैसे पाठवायला बँक आपल्याला डॉलर विकते तो. मार्च २०२० मध्ये आमच्या बँकेत त्या दोघांत रुपयाहून जास्त फरक होता, वर कमिशन, वर जीएसटी. साहेब म्हणाले, बाजार हलतोय, उद्या याल तर उद्याचा भाव.

शैक्षणिक कर्ज मंजूर होतं रुपयांत. डॉलर पाच रुपयांनी चढला की २० हजार डॉलरच्या फीला लाख रुपये कमी पडतात आणि ते घरातून काढावे लागतात. तो भाव रोगाने चढला की टंचाईने, मला काय फरक पडतो?

बरं, डॉलर 'घेऊन ठेवा' म्हणणाऱ्यांनी सांगावं ठेवायचे कुठे. नोटा घरात २,००० डॉलरच्या वर ठेवता येत नाहीत.

कापूसवाला, हिंगणघाट

आमच्याकडे २०२० मध्ये उलटंच सांगत होते. रुपया पडला म्हणजे निर्यात वाढते, कापसाले भाव भेटते. कायचा भेटते! न्यूयॉर्कले कापूस जानेवारीत ७० सेंट पाउंड होता, एप्रिलच्या सुरुवातीले ५० वर आला. रुपया पडला सात-आठ टक्के, कापूस पडला त्याच्या कितीतरी पट. जिनिंग (सरकी काढाचे कारखाने) बंद, गाड्या बंद, गिऱ्हाईक नाही. पडक्या रुपयाचा फायदा घ्याले माल तर विकला पाहिजे.

जुनी नाणी

धागाकर्त्यांच्या बाजूने एक जुना पुरावा. १९१८ च्या फ्लूने हिंदुस्थानात कोटीच्या वर माणसं नेली. रुपया पडला का? १९१७ च्या मध्यापर्यंत एका रुपयाला इंग्रजी १ शिलिंग ४ पेन्स मिळत, १९१९ संपता संपता भाव २ शिलिंगांच्या पुढे गेला. चांदी महागली होती आणि रुपया चांदीचा होता. मेलेल्या माणसांचा त्या दराशी काही संबंध नव्हता.

सराफा लाइन, इतवारी

चांदीवर बोलायचा हक्क तुमच्याआधी आमचा आहे, पण ते युद्धाचे दिवस होते, ते कशाला मध्ये आणता? २०२२ चं बोला. जुलैत डॉलर ८०, ऑक्टोबरमध्ये ८३. साथीत अमेरिकेने नोटा छापल्या, लोकांच्या खात्यात पैसे टाकले, महागाई भडकली, मग फेडने व्याज शून्याजवळून वर्ष-सव्वा वर्षात ५ टक्क्यांच्या वर नेलं. पैसा पुन्हा तिकडे पळाला. मी याला साथीचाच दुसरा हप्ता म्हणतो. तुम्ही २०२० ला हिशेब बंद करता म्हणून तुमचं गणित जुळतं.

धंतोलीकर

व्याजदराचा मुद्दा मान्य आहेच, तो डॉलरचाच मुद्दा आहे. पण २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध आणि १०० डॉलरच्या वर गेलेलं तेल तुम्ही सोयीने गाळलंत. २०२० मध्ये तेच तेल एप्रिलमध्ये २० च्या खाली होतं. आयात इतकी आटली की २०२०-२१ मध्ये आपल्या देशाच्या चालू खात्यात (बाहेरच्या देशांशी असलेल्या व्यापार-सेवांच्या जमाखर्चात) शिल्लक राहिली, जे आपल्याकडे क्वचितच घडतं. जून २०२० मध्ये परकीय चलनाची गंगाजळी ५०० अब्ज डॉलरच्या पुढे गेली. रिझर्व्ह बँक वर्षभर डॉलर गोळा करत होती, नाहीतर रुपया आणखी वर चढला असता. जागतिक बँकेने एप्रिलमध्ये सांगितलं होतं की बाहेरून घरी येणारा पैसा २३ टक्क्यांनी घटेल. वर्ष संपलं तेव्हा घट नावापुरती होती. म्हणजे साथीने रुपयाला वर ढकलणाऱ्या गोष्टीही केल्या. कॉलनीतल्या सल्ल्यात हे येतच नाही.

निनादची आई

मग माझं ठरलं. ऑगस्टच्या फीतली निम्मी रक्कम आताच कॉलेजच्या खात्यात भरते, निम्मी पुढे. तुम्ही दोघं तोवर ताप की हृदय ते ठरवा.

सराफा लाइन, इतवारी

ताई, निम्मी नको, सगळीच भरा. आणि तीन बँकांचा टीटीचा भाव विचारून मग भरा, धंतोलीकरांना विचारून नको.