शब्दचर्चा: पारदर्शक, खुलं आणि गुह्य (निमित्त मॉर्मन चर्चचा हिशेब)

अनुवादी:
मॉर्मन चर्चच्या (अमेरिकेतला एक ख्रिस्ती पंथ) पैशांवरचा एक लेख मराठीत करतेय. त्यात दर चार ओळींनी ‘ट्रान्स्परन्सी’ आणि ‘ओपननेस’ येतात. दोन्हीकडे ‘पारदर्शकता’ लिहून मोकळी झाले, तर संपादक म्हणाले, मग मूळ लेखकाला दोन शब्द कशाला लागले? ‘खुलेपणा’ मला माणसाच्या स्वभावाला लावायचा शब्द वाटतो, ताळेबंदाला कसा चालेल? शिवाय मंदिरातल्या विधींबद्दल त्यांचं पालुपद आहे, ‘सेक्रेड, नॉट सीक्रेट’. ‘पवित्र आहे, गुप्त नाही’ असं केलं, पण ते सरकारी पाटीसारखं वाचतंय.

कोशकिडा:
आधी पारदर्शक. पार म्हणजे पलीकडचा तीर. तो दाखवते ती काच पारदर्शक, आणि तो पाहतो तो माणूस पारदर्शी. हिंदीच्या संगतीनं आपणही ‘पारदर्शी कारभार’ लिहू लागलोय, पण मूळ अर्थानं बघितलं तर तो कारभार दूरदृष्टीचा ठरेल!

तुमच्या विषयात हा फरक फारच मजेशीर होतो. जोसेफ स्मिथनं 1830 मध्ये हे चर्च स्थापन केलं. तेव्हापासून तिथला प्रमुख संदेष्टा आणि द्रष्टा मानला जातो, म्हणजे जुन्या अर्थानं पारदर्शी. स्मिथकडे ‘सीअर स्टोन’ होता. तो टोपीत ठेवायचा, तोंड टोपीत खुपसायचं आणि दिसतील ते (त्यांच्या ‘बुक ऑफ मॉर्मन’ या धर्मग्रंथाचे) शब्द लेखनिकाला सांगायचे, असं वर्णन त्याच्या सोबतच्यांनी केलंय. चर्चनं 2015 मध्ये त्या खड्याचे फोटो छापले. अंड्याच्या आकाराचा, चॉकलेटी, पट्ट्यापट्ट्यांचा दगड, आणि त्याची चामड्याची थैली. ‘पारदर्शी खडा’ लिहिलंत तर लोकांना स्फटिक वाटेल, आणि हा तर ठार अपारदर्शक. ‘द्रष्ट्याचा खडा’ बरा.

हे फोटो छापणं म्हणजे खुलेपणा. तिजोरी त्यांची, किल्ली त्यांची, उघडली त्यांनीच. 2013 पासून बहुपत्नीत्वावर, कृष्णवर्णीयांना पौरोहित्य नाकारल्याच्या इतिहासावर त्यांनी स्वतःच निबंध प्रसिद्ध केले. स्मिथची कागदपत्रं 27 खंडांत आणली, शेवटचा खंड 2023 चा. नवं मंदिर बांधलं की समर्पणाआधी काही दिवस कुणीही आत जाऊन बघावं, समर्पणानंतर मात्र शिफारसपत्र असलेल्या सभासदांनाच प्रवेश. म्हणजे दार कधी आणि किती उघडायचं हे आतला ठरवतो. काचेला परवानगी विचारावी लागत नाही. संपादकांना हे सांगा.

रोजमेळ:
आयुष्यभर लोकांच्या वह्या तपासल्या, म्हणून हिशेबापुरतं बोलतो. या चर्चनं खर्चाचे तपशील जाहीर करणं 1959 नंतर बंद केलं. हल्ली एप्रिलच्या अधिवेशनात त्यांच्याच लेखापरीक्षण विभागाचं निवेदन येतं: जमा, खर्च, मालमत्ता, सगळं चर्चच्या मंजूर अंदाजपत्रकाप्रमाणे आणि धोरणाप्रमाणे. आकडा एकही नाही. आमच्या भाषेत हा दाखला झाला, ताळेबंद नव्हे. ब्रिटनमध्ये कायदाच मागतो, म्हणून तिथल्या शाखेचे हिशेब कुणालाही बघता येतात. ‘पारदर्शकता’ तिथे वापरा ताई.

सभासदाची बाजू वेगळी. तो वर्षअखेरीला बिशपसमोर बसतो आणि दशमांश (उत्पन्नाचा दहावा हिस्सा) पूर्ण दिला की नाही ते तोंडानं सांगतो. (हा बिशप बिनपगारी असतो, दिवसा आपली नोकरी-धंदा करणारा. वाचकांना झगा डोळ्यासमोर येईल, तेवढं सांभाळा.)

आणि ‘शेल कंपन्यां’चं काय केलंत?

अनुवादी:
‘बनावट कंपन्या’. चुकलं का?

रोजमेळ:
चुकलं. अमेरिकेच्या रोखे आयोगाचा आदेश फेब्रुवारी 2023 चा आहे. एन्साइन पीक ही चर्चची गुंतवणूक संस्था. तिनं स्वतःच्या नावानं शेअर्सची विवरणपत्रं भरायची सोडून 13 कंपन्यांच्या नावानं भरली, म्हणजे एकत्र रक्कम कुणाच्या नजरेत येऊ नये. ती रक्कम 2018 पर्यंत सुमारे 3200 कोटी डॉलर झाली होती. दंड संस्थेला 40 लाख डॉलर, चर्चला 10 लाख. पण त्या कंपन्या रीतसर नोंदलेल्या होत्या, खोट्या नव्हत्या. ‘नावापुरत्या कंपन्या’ म्हणा.

पडजीभ:
लेखाला ‘झाकली मूठ’ मथळा द्या की!

रोजमेळ:
नको. त्या म्हणीत मूठ रिकामी असल्याची शंका असते. इथे ती भरलेली होती म्हणून झाकली.

अनुवादी:
नावापुरत्या घेतलं, काका. आता चर्चचा खुलासा. त्यात चुकांबद्दल खेद आहे आणि विषय संपला असं म्हटलंय. मी ‘आम्ही केलेल्या चुकांबद्दल’ असं लिहिलंय.

रोजमेळ:
‘आम्ही केलेल्या’ खोडा. ‘झालेल्या चुका’ लिहा. मूळ वाक्यात कर्ता नाही, तो तुम्ही पदरचा का घालता? मराठीत चुका नाहीतरी पाऊस पडावा तशा होतच असतात.

कोशकिडा:
जाता जाता, ‘खुलासा’चं ‘खुला’शी काही नातं नाही. तो अरबीतून आला, तिथे अर्थ सार.

आता तुमचं पालुपद. पवित्र आणि झाकलेलं हे दोन्ही अर्थ पोटात घेणारा एक शब्द आपल्याकडे आहे, गुह्य. गीतेच्या नवव्या अध्यायातलं ‘राजविद्या राजगुह्य’ आठवा. तिथे लपवाछपवीचा वास नाही, अधिकार असेल त्याला सांगायचं एवढंच. मॉर्मन मंडळींना साधारण हेच म्हणायचंय. म्हणून: ‘हे गुह्य आहे, गुपित नाही.’ अनुप्रासही राहतो. अडचण एकच, हल्ली हा शब्द उच्चारला की शरीरशास्त्राचा तास आठवून लोक हसतात.

अनुवादी:
हसू देत, घेतलं. हिशेबालाही तोच लावू?

रोजमेळ:
छे! शेअर्सची यादी गुपितच.

अनुवादी:
शेवटचं. त्यांच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी 2018 मध्ये सांगितलं की ‘मॉर्मन’ म्हणू नका, पूर्ण नाव घ्या. ‘चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’. मथळ्यात मावत नाही हो.

कोशकिडा:
मथळ्यात मॉर्मन, पहिल्या परिच्छेदात एकदा पूर्ण नाव, पुढे नुसतं चर्च.